डांके, मोत्या!

करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो. नातीच्या हट्टापायी तिथे कुत्र्याचे पिल्लूही आले. नाव आजीने ठेवले, मोत्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त दम धरवत नाही. एकदा ऐन लिफ्टमध्ये व्हायचे ते झाले आणि सोसायटीची नोटीस हातात पडली. ती वाचून नात रडायलाच लागली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. पिल्लू झोपून उठले, त्याचे खाणे झाले की त्याला खाली ठरलेल्या एकाच जागी न्यायचे. ते बसू लागले की एकच शब्द शांतपणे म्हणायचा आणि उरकताच खाऊ द्यायचा. हळूहळू त्या शब्दाची आणि क्रियेची गाठ पडते. इंग्लंडमध्ये अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांना ‘बिझी, बिझी’ म्हणून हेच शिकवतात.

पण शब्द कोणता? चारचौघांत ‘शी कर, शू कर’ म्हणायला सुनेला संकोच वाटू लागला. तसा मराठी घरातला कुत्रा इंग्रजी माध्यमाचाच असतो. आपसांत आपण मराठीत भांडतो आणि त्याला मात्र ‘सिट’, ‘कम’, ‘शेकहँड’! नात जर्मन शिकते. ती म्हणाली, ‘‘बिट्टे म्हणू या. म्हणजे कृपया.’’

मला हसू आले. पण ही आपली जुनीच रीत. ‘पायखाना’ आणि ‘जाजरूर’ आपण फारसीतून घेतले. ‘शौच’ संस्कृतातला, मूळ अर्थ शुद्धी. ‘टॉयलेट’ मूळचा फ्रेंच, अर्थ लहानसे कापड. आपला घरचा ‘परसाकडे’ घ्या, तोही नुसती दिशा सांगतो, काम सांगत नाही. या एका कामासाठी माणूस कुठल्या ना कुठल्या शब्दाचा आडोसा शोधतोच.

तीन आठवड्यांत मोत्या ‘बिट्टे’ शिकला. आणि एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला हाक मारली, ‘‘बिट्टू!’’ मोत्या त्यांच्या दारातच बसला. आता बोला! तेव्हा कळले की शब्द छोटा हवा आणि तो घरीदारी एरवी कानावर पडणारा नको. मग ‘डांके’ ठरला, म्हणजे आभारी आहे. तो चालला.

हे सगळे चालले असताना मला वडील आठवत होते. चाळीत मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. पहिल्या पाळीआधी तिथे रांग लागायची. शब्दाची गरजच नव्हती. हातात टमरेल दिसले की समजायचे. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते कामावर परतले नाहीत. पुढे शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले. आता टमरेल उचलायची ताकद नव्हती आणि सुनेला सांगायला शब्द नव्हता. ते नुसते ‘जरा...’ म्हणत. माझी बायको कधी पाणी आणी, कधी पंखा लावी. मग ते माझी वाट पाहत पडून राहत. मी बँकेतून येईपर्यंत थांबता यावे म्हणून दुपारपासून पाणीच पीत नसत. हे मला फार उशिरा कळले. दिवसभर बँकेत परक्यांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या मला घरच्या माणसाच्या त्या एका शब्दाचा अर्थ लागला नाही.

कुत्र्यासाठी मात्र सारे घर एकत्र बसले, वाद घातला, शब्द ठरवला, चुकला तेव्हा बदलला.

मीही आता साठी ओलांडली आहे. परवा जेवताना म्हटले, ‘‘माझ्यासाठीही एक शब्द आत्ताच ठरवून ठेवा.’’ नातीने विचारले, ‘‘आजोबा, जर्मन की फ्रेंच?’’ सगळे हसले.

बायको हसली नाही. माझ्या पानात भात वाढत ती म्हणाली, ‘‘मामंजींचाच ठेवू. ‘जरा’. आता मला कळतो तो.’’