पडद्याचे विभेदन आणि बॅटरीचा टिकाव

वसई परिसरातील सामवेदी, वाडवळी आदी बोलींचे ध्वनिमुद्रण करावयाचे म्हणजे अभ्यासकाला दिवसभर घराबाहेर राहणे प्राप्त होते. सकाळी फुलपाड्याहून निघावे आणि दुपारी निवेदक ऐन रंगात आला असता लॅपटॉप बंद पडावा, तर ते कथन पुन्हा तसेच हाती येत नाही. यावर पडद्याचे रिझोल्यूशन कमी करून बॅटरी वाचवावी, असा उपाय सर्रास सुचविला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहिले पाहिजे.

रिझोल्यूशनला मराठीत विभेदन म्हणतात. (शब्द अन्वर्थक आहे, भेद दिसणे हेच त्याचे कार्य.) 1920×1080 विभेदनाच्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात, 3840×2160 च्या पडद्यावर बरोबर चौपट. बिंदू वाढले की ते रंगविण्याचे संगणकाचे श्रम वाढतात, हे उघडच आहे. तथापि खरा खर्च अन्यत्र आहे. एलसीडी पडद्यात प्रत्येक बिंदूपाशी ट्रान्झिस्टर व तारा असतात आणि त्या मागील दिव्याचा प्रकाश अडवितात. बिंदू लहान झाला तरी हा अडसर त्याच प्रमाणात लहान होत नाही. सबब तितक्याच उजेडासाठी दिवा अधिक प्रखर ठेवावा लागतो. 2012 साली आयपॅडच्या पडद्यावरील बिंदू चौपट झाले, तेव्हा बॅटरी 25 वॅट-तासांवरून 42.5 वर न्यावी लागली. वापराचा घोषित अवधी मात्र पूर्वीइतकाच, 10 तास, राहिला.

यावरून दाट बिंदूंचा लॅपटॉप विकत घेताना विचार करावा, एवढे सिद्ध होते. घेतलेल्या लॅपटॉपचे विभेदन उतरविल्याने ट्रान्झिस्टर कमी होत नाहीत की दिवा मंद होत नाही. खेळ वा चलच्चित्रे यांत थोडी बचत होईल. लेखनवाचनात ती नगण्य होय. उलट अक्षरे पुसट होतात. घ आणि ध, भ आणि म यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा खंडावर व गाठीवर अवलंबून असतो. लिप्यंतर तपासणाऱ्यास हा तोटा परवडणारा नाही.

उजेड कमी करणे हाच खरा उपाय. एकूण खर्च 7 वॅटांवरून 5 वर आला, तर 50 वॅट-तासांची बॅटरी सुमारे 7 तासांऐवजी 10 तास पुरेल. ध्वनिमुद्रण चालू असता पडदा पूर्ण विझविण्यासही हरकत नाही. मात्र संगणक निद्रावस्थेत जाणार नाही, अशी योजना आधीच करून ठेवावी.