हमीची मुदत संपल्यानंतर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी विकावयास येतात. गिऱ्हाईक मडके हाती घेते, बोटाच्या सांध्याने त्यावर एक टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नाद खणखणीत आला तर मडके पिशवीत जाते, बद्द आला तर ते खाली ठेवले जाते. डिचोलीच्या कुंभाराच्या मालाची ही परीक्षा आमच्या आजीलाही येत असे आणि आमच्या वर्गातील मुलींनाही येते.

परंतु आज घरोघरी अशा वस्तू येऊ लागल्या आहेत, की ज्यांवर टिचकी मारून काहीच कळत नाही. संगणक ही त्यांतील मुख्य वस्तू. दुकानात तो झगझगीत दिसतो, कळ दाबताच सुरू होतो. त्याच्या पोटातील एखादा सांधा कच्चा आहे की पक्का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, मग घेणाऱ्याला कोठून असणार? असा दोष वर्ष-सव्वा वर्षाने उघडा पडला आणि तोपर्यंत वॉरंटी, म्हणजे निर्मात्याने दिलेली हमी, संपून गेली असली, तर काय करावे? ह्या प्रश्नाचा विचार आम्हांस आमच्या घरच्याच एका प्रसंगामुळे करावा लागला. तो अनुभव आणि त्यातून जे शिकलो ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमची थोरली बहीण पेडणे तालुक्यात राहते. मुलगी बारावीत गेली तेव्हा तिने बचत गटातून कर्ज काढून मुलीसाठी एक लॅपटॉप घेतला. हमी एक वर्षाची होती. नवव्या महिन्यात संगणक अर्ध्या तासाने तापून आपोआप बंद पडू लागला. कंपनीच्या सेवाकेंद्रात नेला. त्यांनी आतील धूळ काढली, सारी प्रणाली पुन्हा घातली आणि संगणक परत केला. भाचीने लिहीत आणलेला प्रकल्प त्या खटाटोपात पुसला गेला, तो तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिला. चौदाव्या महिन्यात संगणक जो बंद पडला तो उठलाच नाही. सेवाकेंद्राने सांगितले की मुख्य बोर्ड गेला आहे, एकोणीस हजार रुपये पडतील, हमी संपलेली आहे. बहीण आम्हांकडे आली आणि म्हणाली, "वॉरंटी सोंपली, आतां कितें करप?" कर्जाचे हप्ते अद्याप संपले नव्हते. तिच्या त्या प्रश्नाला आम्हांजवळही त्या क्षणी उत्तर नव्हते.

प्रथम हमी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. हमीपत्र हे निर्मात्याने स्वतःहून दिलेले वचन असते. अमुक मुदतीत वस्तू बिघडली तर आम्ही ती विनामूल्य दुरुस्त करू, असे त्यात लिहिलेले असते. ती मुदत संपली की ते वचन संपते, हे खरे. परंतु त्याबरोबर ग्राहकाचे सारेच हक्क संपतात, हा समज मात्र खरा नाही. हमीपत्रापलीकडे देशाचा कायदा उभा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात असे तत्त्व आहे, की त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून घेतलेला माल बाजारात चालण्याजोग्या गुणाचा असला पाहिजे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांच्याबद्दल त्याला पुढे कुरकुर करता येत नाही. म्हणजे टिचकी मारून कळण्याजोगी चीर आपली जबाबदारी. जी चीर कोणत्याही टिचकीने कळली नसती, ती गोष्ट वेगळी.

ह्या जुन्या तत्त्वाला सामान्य माणसाच्या हाती येईल असे रूप मिळावयास मात्र पुष्कळ काळ लागला. दादरा व नगरहवेलीच्या १९५४ च्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. अशा चळवळींतून लोकमत तयार होत गेले आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० मध्ये तो अमलात आला. वस्तूत दोष आढळल्यास तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा व नुकसानभरपाई देण्याचा हुकूम करण्याचे अधिकार ह्या कायद्याने ग्राहक आयोगांना दिलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, मग हमी संपल्यावर बिघडलेली प्रत्येक वस्तू कंपनीने फुकट दुरुस्त करावी काय? तसे मुळीच नाही. बिघाडाचे तीन प्रकार ध्यानात ठेवावे. वापराने जी झीज होते, तो पहिला प्रकार. बॅटरीची शक्ती दोन-तीन वर्षांत उतरते, त्यात कोणाचा अपराध नाही. आपल्या हातून झालेली हयगय हा दुसरा प्रकार. आपल्याकडे चार महिने पाऊस, हवेत ओल, किनाऱ्याजवळ खारे वारे आणि वादळात विजेचा दाब खालीवर होत असतो. अशा वेळी संगणक उघड्या खिडकीपाशी ठेवला अथवा विजेच्या गडगडाटात तारेला लावून ठेवला, तर तो दोष निर्मात्यावर ढकलता येणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे वस्तू कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्यात असलेला, पण उशिरा प्रकट होणारा दोष. हक्काने दुरुस्ती मागावयाची ती ह्या तिसऱ्या प्रकारात.

असे दोष खरोखर असतात काय? जगात त्यांची मोठमोठी उदाहरणे घडली आहेत. संगणकाच्या बोर्डावर विजेचा साठा करणारे लहान डब्यांसारखे भाग असतात, त्यांस कपॅसिटर म्हणतात. ह्या शतकाच्या आरंभी वाईट प्रतीच्या द्रवाने भरलेले कपॅसिटर अनेक कंपन्यांच्या संगणकांत गेले. काही काळाने ते फुगत, फुटत आणि संगणक बंद पडे. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेल कंपनीने पाठविलेल्या सुमारे १ कोटी १८ लाख संगणकांना असा धोका होता, हे अमेरिकेतील एका खटल्याची कागदपत्रे २०१० साली उघड झाली तेव्हा लोकांस कळले. २००५ मध्ये ह्या दुरुस्त्यांपोटी त्या कंपनीला ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. २००८ च्या जुलैत एनव्हिडिया ह्या कंपनीने आपल्या काही चित्र-चिपांच्या जोडणीत दुबळेपणा असल्याचे मान्य केले. तापणे आणि निवणे वारंवार झाल्याने तेथील सूक्ष्म सांधे तडकत. तिने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली आणि त्या चिपा वापरणाऱ्या काही संगणक-निर्मात्यांनी हमीची मुदत वाढविली. २०१८ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या काही लॅपटॉपांचे सदोष कळफलक, पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत, विनामूल्य दुरुस्त करण्याचे जाहीर केले.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट निघते. निर्माते हमीच्या मुदतीपलीकडे दुरुस्ती करीतच नाहीत असे नाही. पुष्कळांनी एकच तक्रार स्पष्टपणे, लेखी आणि चिकाटीने मांडली म्हणजे ते करतात. यास्तव आपल्या संगणकाच्या त्याच नमुन्यात तोच बिघाड इतरांनाही आला आहे काय, आणि कंपनीने त्याबद्दल काही जाहीर केले आहे काय, हे प्रथम शोधावे.

आमच्या प्रसंगी आम्हांस तारले ते एका कागदाने. नवव्या महिन्यात सेवाकेंद्राने जी पावती दिली होती, तिच्यावर "तापून बंद पडतो" असे शब्द आणि तारीख होती. बहिणीने ती पावती शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवली होती. म्हणजे दोष चौदाव्या महिन्यात जन्मलाच नव्हता. तो हमीच्या मुदतीतच सांगितला गेला होता आणि दुरुस्त न होता परत आला होता. ग्राहकाची बाजू सर्वांत बळकट होते ती अशाच वेळी.

मग आम्ही भाचीला समोर बसविले आणि तिच्याच हाताने कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास पत्र लिहविले. पत्रात राग नव्हता. खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, पहिल्या बिघाडाची तारीख, त्या वेळी केलेले काम आणि आताचा बिघाड, एवढे क्रमाने लिहिले. पुढे दोन प्रश्न विचारले: बोर्ड कशामुळे गेला हे लेखी कळवाल काय? आणि जो दोष हमीच्या काळात नोंदला गेला, तो त्या वेळी न निघाल्यास त्याची जबाबदारी कोणाची? शेवटी बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा अशी स्पष्ट मागणी केली आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत दिली. पत्र ई-मेलने पाठविले आणि त्याची प्रत टपालाने, पोच घेऊन, रवाना केली. बाजारातील दुरुस्तीवाल्याकडून यंत्र तोवर उघडून घेतले नाही. तो कारागीर हुशार आहे, पण बाहेरच्या हाताने उघडल्याचे निमित्त कंपनीला मिळू नये, एवढाच हेतू होता.

पंधरा दिवसांत उत्तर आले ते नकाराचे, तेही कारण न देता. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविली. ही सेवा न्यायालय नव्हे. ती कंपनीकडे तक्रार पोहोचवून समेट घडवून आणण्याचा यत्न करते. तिचा क्रमांक घालून दुसरे पत्र धाडले. त्यात लिहिले, की दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

तसे जाणेही वाटते तितके अवघड नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरूस असो वा दिल्लीस, पेडण्याच्या अथवा डिचोलीच्या माणसाला उत्तर गोवा जिल्ह्याचे आयोग पुरते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. दोष मूळचाच होता हे दाखविण्याचा भार सामान्यतः तक्रार करणाऱ्यावर असतो, हे विसरू नये. म्हणूनच कागद जपावयाचे.

आम्हांस तेथवर जावे लागले नाही. सात आठवड्यांनी कंपनीने बोर्ड विनामूल्य बदलून दिला, मजुरीचे अठराशे रुपये मात्र घेतले. हा पूर्ण विजय नव्हे. त्या सात आठवड्यांत भाचीने आपले काम शाळेच्या संगणकावर, सुटीच्या घंटेनंतर बसून केले. ते दिवस तिला कोणी परत दिले नाहीत. परंतु एकोणीस हजारांचे नवे कर्ज बहिणीच्या डोक्यावर चढले नाही आणि मुलीचे शिक्षण अडले नाही.

आणखी दोन शब्द. सेवाकेंद्राच्या खिडकीपाशी बसलेला तरुण आपल्याच गावचा कोणाचा तरी मुलगा असतो. नियम त्याने केलेले नसतात. त्याच्याशी भांडून काही निघत नाही. त्याच्याकडून नोंद मात्र नीट करून घ्यावी, सही-तारखेची पावती मागावी आणि यंत्र देण्यापूर्वी आपले लिखाण दुसरीकडे उतरवून ठेवावे. ही शेवटची गोष्ट आम्ही उशिरा शिकलो.

विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाच्या तासाला आम्ही तक्रार-अर्ज लिहावयास देतो, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांस तो पाच गुणांचा कंटाळवाणा प्रश्न वाटतो. विषय, दिनांक, मायना, मुद्देसूद मजकूर, नम्र शेवट, हे सारे परीक्षेपुरते आहे असे तुम्हांस वाटते. आमच्या भाचीलाही तसेच वाटत असे. आज तिच्या टेबलावर तो संगणक चालू आहे आणि त्याच्या पिशवीच्या कप्प्यात दोन्ही पत्रांच्या प्रती, पोचपावती व बिल घडी करून ठेवलेले आहे. तुमच्या घरी एखादे नवे यंत्र आले, तर त्याचे खोके टाकून दिले तरी चालेल, पण बिल मात्र त्याच दिवशी एका वहीत चिकटवून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा.