अंगणातला बाक

मुळशीत सागवानी बाक बारमाही उघड्या अंगणात ठेवणे म्हणजे वेडेपणा, असे आमच्याकडे कोणीही सांगेल. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात ५०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. त्या घाटाच्या अलीकडेच आमचे घर. पण बाक आत न्यायला आई तयार नाही. आमचे जुने घर मुळशीच्या धरणात गेले. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांसारखे पुढारी तुरुंगात गेले, तरी शेवटी पाणी चढलेच. पणजोबांनी घर मोडताना एक तुळई तेवढी वर आणली. वडिलांनी पुढे तिचाच हा बाक करवून घेतला.

चार वर्षांपूर्वी मी या बाकावर उपकार करायला गेलो. मे महिन्यात पुण्याहून चकचकीत व्हार्निशचा डबा आणला आणि एका दुपारी घाईघाईने लागोपाठ तीन हात दिले. बाक आरशासारखा झळकू लागला. दिवाळीला गावी येऊन पाहतो तो काय! जागोजागी पापुद्रे सुटलेले, त्यांच्याखाली काळे डाग आणि दोन पाय बुडाशी मऊ पडलेले. आई काही बोलली नाही, हेच अधिक लागले.

गावातल्या म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावले. त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला. म्हणाले, “मास्तर, पाणी आत शिरायला फट ठेवलीत, निघायला वाट ठेवली नाहीत.”

सगळे मर्म त्यात आले. उन्हाने व्हार्निशचा थर कडक होऊन तडकतो, पाणी तडीतून आत जाते आणि थराखाली अडकते. लाकूड भिजल्याने कुजत नाही. भिजलेले राहिल्याने कुजते. त्यातली ओल कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणाऱ्या बुरशीचे फावत नाही.

मामांनी काचेच्या तुकड्याने सारा थर खरवडला, रेषेच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवला आणि बाक आठवडाभर वाऱ्यावर ठेवायला लावला. मला भारी घाई. पण ओल्या लाकडाला तेल लावणे त्यांना मान्य नव्हते. पायांची कुजकी टोके कापून प्रत्येक पायाखाली दगडी चीप दिली. मग उकळलेले जवसाचे तेल, पहिल्या हाताला निम्मे टर्पेंटाईन घालून. पाव तासाने न मुरलेले तेल फडक्याने पुसून घ्यायचे, एक-दोन दिवस थांबायचे, मग पुढचा हात. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र ती पितील तितके पाजायचे, कारण पाणीही तिथूनच सर्वांत जास्त शिरते.

आम्ही ‘रोगण’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे चकाकी आणतो. शब्द फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ तेल किंवा तूप! वर्गात हे सांगणाऱ्या मला ते अंगणात आठवू नये?

तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते व तापते. गोळा केलेले फडके आपोआप पेट घेते. ते पसरून वाळवा. आणखी एक: या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी धरते. ब्रशने घासून, वाळवून दर दिवाळीला एक हात द्यावाच लागतो. ज्याला ही कटकट नको, त्याने साग तसाच सोडावा. तो राखाडी होतो, पण बिघडत नाही. मात्र कडेचे पांढरे लाकूड असेल, तर त्याचा भरवसा धरू नये. आणि बाकावर प्लास्टिक घट्ट गुंडाळणे तर नकोच.

बाकात मधोमध जुन्या तुळईतले कुसाचे भोक आहे. त्यात पाणी साचते म्हणून मी ते लांबी भरून बुजवायला निघालो. आई म्हणाली, “राहू दे.” मामांनी गिरमिट घेतले आणि त्या भोकाच्या तळाशी आरपार छिद्र पाडले. यंदा भर पावसात घरी गेलो, तेव्हा छत्री मिटण्याआधी वाकून पाहिले. बाकाखाली थेंब थेंब गळत होते.