बाळाला ऐकू येत नसेल तर…

“आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात,” असे सांगणारी आजी मला नेहमी भेटते. बाळ हसते, रांगते, हुंकार देते. मग शंका येणार कशी? पण जन्मतः बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देतेच. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात.

भाषा रुजण्याची वर्षे नेमकी हीच. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील १९९८ सालच्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा चांगली आढळली. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मदत सुरू, असा हिशेब तज्ज्ञ सांगतात.

गुहागर तालुक्यात खरी अडचण निदानानंतर येते. दर आठवड्याला शिकवणीसाठी हेदवी-वेळणेश्वरहून बाळाला घेऊन एसटीने चिपळूण गाठायचे, म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. पावसाळ्यात खेपा चुकतात. इथे मोबाईलवरची व्हिडिओ भेट उपयोगी पडते.

दुरून शिकवण्याची कल्पना जुनीच आहे. लॉस एंजेलिस येथे लुईझ ट्रेसी या कर्णबधिर मुलाच्या आईने १९४२ साली संस्था काढली. तेथून पालकांना टपालाने मोफत धडे जात. आता टपालाऐवजी पडदा आला, एवढेच.

या भेटीत मी बाळाला शिकवत नाही, आईला शिकवते. फोन स्टुलावर असा ठेवायचा की दोघेही दिसावीत. आधी श्रवणयंत्र चालू आहे ना, हे पाहायचे. मग आईने तोंड न दाखवता ‘आ, ई, ऊ, म, श, स’ हे आवाज काढायचे आणि बाळ कशाला प्रतिसाद देते ते टिपायचे. त्यानंतर रोजचीच कामे. भाकरी थापताना, आंघोळ घालताना बाळाजवळ बसून बोलायचे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायचे. एका घरी आई मनापासून बोलत होती, पण पडवीतला टीव्ही मोठ्याने चालू होता. श्रवणयंत्र तो आवाजही मोठा करते. दवाखान्यात मला हे कळले नसते. टीव्ही बंद झाला आणि आईचा आवाज बाळापर्यंत नीट पोहोचू लागला.

रेंज नसेल तर दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे व रेंज मिळेल तिथून पाठवावे. मात्र कानाची तपासणी आणि यंत्राच्या साच्याचे माप फोनवर होत नाही. बाळाचा कान वाढतो, साचा सैल होतो. त्यासाठी प्रत्यक्ष जावेच लागते.

खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीतीही सोडावी. यंत्राने पुरेसे ऐकू न येणाऱ्या मुलाला भारतीय सांकेतिक भाषेतून पूर्ण भाषा मिळू शकते.

पालकांनो, ताट वाजवून परीक्षा घेऊ नका. बाळ सावलीने किंवा हादऱ्यानेही वळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आले की शंका बोलून दाखवा, किंवा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. तपासणीत बाळाला काही दुखत नाही. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे. खरी ठरली तर वेळ हाताशी राहतो.