काजूवरचे तांबडे मुंगळे

काजूवर पानांची घरटी दिसली की आपण लगेच पेटता टेंभा लावतो. जरा थांबा! हे तांबडे मुंगळे मूळचे रानातले. अळी तोंडात धरून तिच्या रेशमाने ते पानं सांधतात. पालवी-मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्याला हुसकावतात, इतर किडेही मारून खातात. चीनमध्ये इ. स. 304 च्या सुमारास लिंबूवर्गीय बागांसाठी अशी घरटी बाजारात विकत मिळत!

एक खोड मात्र वाईट. गोड चिकट्यासाठी ते पिठ्या ढेकूण सांभाळतात. म्हणून घरट्यालगतच्या फांद्या पाहत राहा. पिठ्या माजला तर तेवढीच फांदी छाटा, पण मोहोराच्या दिवसांत सगळी घरटी जाळू नका. चावतात हे खरं. झाडाखाली जाताना हातापायांना चुलीतली राख चोळा.