मळा आणि माजघर

"आज भाजी काय आली आहे?" हा प्रश्न आपल्या घरोघर रोज सकाळीं विचारला जातो. मी जन्मभर व्याकरण शिकविलें, परंतु या वाक्यांतील 'आली' हें क्रियापद मीं कधीं तपासून पाहिलें नव्हतें. भाजी आपण होऊन येत नाहीं. ती कोणी तरी पेरलेली, शिंपलेली, पहाटे खुडलेली आणि वाहून आणलेली असते. ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे असें वाचक म्हणतील. मलाही ती ठाऊक होती. परंतु ठाऊक असणें आणि कळणें यांतील अंतर ओलांडावयास मला साठी गांठावी लागली. तें कसें घडलें, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचें गांव अलिबाग तालुक्यांत आहे. घरांत आम्ही दोघे भाऊ, दोघी जावा, मुलगे, सुना, नातवंडें आणि वृद्ध मातोश्री मिळून अकरा माणसें. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व गणित शिकवून मी २०१७ सालीं निवृत्त झालों. घरामागच्या पाणंदीनें पांच मिनिटें चाललें कीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मळा लागतो. मळा फार मोठा नाहीं. सव्वा एकर जमीन, एक विहीर, तोंडलीचा एक मांडव, बांधावर शेवगा आणि विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळी, एवढाच त्याचा विस्तार. विद्यार्थी, त्याची पत्नी आणि त्याची म्हातारी आई अशीं तिघें तो मळा राखतात. जें पिकतें तें सकाळीं नाक्यावर बसून विकलें जातें.

निवृत्तीनंतर घरचा बाजार माझ्याकडे आला. नवीन अधिकाऱ्याच्या उत्साहानें मीं तो हातीं घेतला. मार्गशीर्षाचे दिवस होते. नाक्यावर त्या मळेकरणीपुढें मेथीच्या हिरव्यागार जुड्या रचलेल्या होत्या. तिनें जुडीचे वीस रुपये सांगितले, मीं पंधरा म्हटले. ती कांहीं बोलली नाहीं. "घ्या गुरुजी," एवढेंच म्हणून तिनें जुडी पिशवींत टाकली. घरीं येऊन मीं आपला पांच रुपयांचा पराक्रम सर्वांस सांगितला आणि सर्वांनीं त्याचें कौतुकही केलें.

त्याच दिवशीं सायंकाळीं फिरावयास म्हणून पाणंदीनें गेलों. मळ्याच्या कुंपणापाशीं म्हातारी बसली होती आणि सकाळच्याच मेथीच्या जुड्या सोडून म्हशीपुढें टाकीत होती. पंधरा-सोळा जुड्या असाव्यात. उन्हानें त्यांचीं पानें माना टाकून पिवळीं पडूं लागलीं होतीं. मीं विद्यार्थ्यास विचारलें, "अरे, ही सगळी भाजी म्हशीला?" तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गणितांत सगळी भाजी विकली जायची."

या वाक्यानें मला त्या रात्रीं झोप लागली नाहीं. नफा-तोट्याचीं किती तरी उदाहरणें मीं फळ्यावर मांडलीं होतीं. एका भाजीवाल्यानें अमुक दरानें भाजी घेतली, तमुक दरानें विकली, तर शेंकडा नफा किती? त्या उदाहरणांत भाजी कधीं वाळत नसे, पाऊस अवेळीं येत नसे, गिऱ्हाईक पाठ फिरवून जात नसे. मेथी पेरल्यापासून हातीं येईपर्यंत महिनाभर जातो. तेवढे दिवस पाणी, निंदणी, रात्रीं डुकरांची राखण. मग एके दिवशीं पहाटे चारला उठून ती उपटावयाची, मुळांची माती धुवावयाची, जुड्या बांधावयाच्या आणि दुपारच्या आंत विकावयाची. जी जुडी विकली जाते तिच्या किमतींत न विकल्या गेलेल्या जुडीचे श्रमही भरून निघावे लागतात. नाहीं तर मळा तोट्यांत जातो. हें साधें त्रैराशिक मला कोणत्याही पुस्तकांत भेटलें नव्हतें.

तेव्हांपासून मी मळ्यावर वरचेवर जाऊं लागलों. वर्षभर पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. आपल्या घरांतील पंचांग आणि मळ्याचें पंचांग हीं दोन नव्हेत. मृगाच्या आगेमागें पहिल्या सरींबरोबर रानांतली शेवळें बाजारांत दिसतात, मागोमाग टाकळा आणि कुरडू येतात. खांचरांत भाताची लावणी चालू असतां मळ्याच्या उंचवट्यावर काकडी, शिराळीं, पडवळ आणि भेंडी धरूं लागतात, आणि श्रावणांतल्या उपासतापासांना व पानांतल्या डाव्या बाजूला तींच पुरतात. दिवाळीच्या सुमारास भात कापून होतें. मग मुळा, माठ, मेथी, वांगीं. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें चंपाषष्ठीच्या भरितानें पुन्हां पानांत येतें, तें नेमकें मळ्यांत वांगीं भरांत असतांना. पौषांत भोगीच्या लेंकुरवाळ्या भाजीस ज्या वालाच्या शेंगा, गाजरें, वांगीं आणि हरभरे लागतात, तींच त्या आठवड्यांत स्वस्त आणि कोंवळीं असतात. चैत्रापासून विहिरीचें पाणी खोल जातें. मग तोंडली आणि लाल माठ यांवर मृगापर्यंत निभवावें लागतें.

कांद्याचेंही तसेंच. मनुस्मृतीनें द्विजांस पलांडु निषिद्ध सांगितला. उलट अमरकोशांत त्याच पलांडूला 'सुकंदक' असें गोड नांव आहे. आपल्या घरांनीं या दोहोंमध्यें आपली वाट काढली. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करावयाची आणि एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा बंद. पावसाळ्याच्या दमट हवेंत सांठवलेल्या कांद्याला मोड येतात, तो सडतो. पूर्वजांच्या मनांत हाच हेतु होता असें मी म्हणत नाहीं. परंतु नियम आणि निसर्ग येथें एकमेकांच्या आड येत नाहींत, हें मात्र खरें.

आणि ऋषिपंचमी! त्या दिवशीं आपल्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचें अन्न खात नाहींत. हातानें खणून लावलेली भाजीच चालते. वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांत तो एकच दिवस असा, कीं ज्या दिवशीं आपण भाजी घेतांना 'ही कोणी आणि कशी पिकविली' असें विचारतों. त्या दिवशीं अळू, लाल माठ, भेंडी आणि सुरण यांचा वाटा महाग मिळाला म्हणून आपण कुरकुरतों. परंतु मळ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर एका दिवसाचा तो प्रश्न बाराही महिने विचारण्यासारखा आहे.

आमच्या तालुक्याचें खरें भूषण म्हणजे पांढरा कांदा. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही त्याची नोंद आढळते, आणि २०२१-२२ च्या सुमारास त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. भात निघाल्यावर त्याच खांचरांत, जमिनींत ओल आहे तोंवर, त्याचें रोप लावतात. फाल्गुन-चैत्रांत तो हातीं येतो. पात न कापतां कांदा वाळवितात आणि मग बायका ती वाळलेली पात वेणी घालावी तशी गुंफून माळ करतात. तिखटपणा कमी, चव गोडसर. म्हणून मुंबई-पुण्याचे प्रवासी रस्त्याकडेच्या बांबूंवर टांगलेल्या माळा मोटार थांबवून घेतात. अलीकडे दुसरीकडचा कांदाही याच नांवानें खपविला जातो, तो भाग वेगळा. पांढऱ्या कांद्याच्या माळा हें आमच्या मळेकऱ्याचें वर्षाचें रोख उत्पन्न. शाळेची फी, वीजबिल, घराची डागडुजी हें सर्व त्या माळांवर.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. माळा गुंफून तयार होत्या आणि रस्त्यावर एकही मोटार नव्हती. पाडव्यानंतर चार दिवसांनीं मी तोंडाला रुमाल बांधून मळ्यावर गेलों. पडवींत, ओटीवर, गोठ्याच्या वाशांना, जागा मिळेल तेथें माळा टांगलेल्या होत्या. विद्यार्थी बोलला नाहीं. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, देवानें दिलं आणि वाट बंद केली."

घरीं येऊन मीं गोष्ट सांगितली. आमच्या मातोश्रींचें सोंवळें कडक. त्यांनीं जन्मांत कांद्यास हात लावला नव्हता, आणि कांदा माजघराच्या उंबऱ्याआंत येऊं नये असा त्यांचा दंडक होता. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "पडवींत टांगा. मी खाणार नाहीं, पण तिचें पीक कुजूं नये." एवढ्या शब्दांनीं आमच्या आळीचा प्रश्न सुटला, कारण मातोश्रींनीं परवानगी दिली म्हटल्यावर इतर घरांस आडकाठी उरली नाहीं. मीं शाळेच्या एका जुन्या वहींत चौदा घरांची यादी केली. कोणी दोन माळा घेतल्या, कोणी पांच. भावाबद्दल कोणीही शब्द काढला नाहीं.

त्या वहीचा दुसरा उपयोग पुढें झाला. उद्यां मळ्यांत काय निघणार तें मळेकरीण आदल्या सायंकाळीं निरोपानें कळवी. कोणत्या घरास किती हवें तें मी वहींत उतरवून तिला सांगें. पहाटे तेवढीच भाजी खुडली जाई. त्या दोन महिन्यांत म्हशीच्या वांट्यास एकही जुडी गेली नाहीं. फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून २०१६ सालींच मुक्त झाला होता; शेतकऱ्यानें थेट गिऱ्हाइकास विकण्यास कायद्याची हरकत नव्हती. उणीव होती ती ठरलेल्या गिऱ्हाइकाची, आणि ती एका वहीनें भरून निघाली.

परंतु संकट एकटें येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. तोंडलीचा मांडव जमीनदोस्त झाला, केळी मोडल्या, घराचीं कौलें उडालीं. दुपारीं वारा पडल्यावर म्हातारी भिजत आमच्या दाराशीं आली. तिच्या कडेला फडक्यांत गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा होता. मला वाटलें, दागिने असावेत. तिनें डबा मातोश्रींच्या हातीं दिला आणि म्हणाली, "बाय, एवढं कोरड्या जागीं ठेवा." त्यांत कांद्याचें बी होतें. निवडक कांदे पुन्हां लावून, त्यांस गोंडे येऊं देऊन तें धरलेलें होतें. कांद्याचें बी फार दिवस टिकत नाहीं. वर्ष उलटलें कीं त्याची उगवण झपाट्यानें घटते. एक हंगाम चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें घरचें बी संपलें असें समजावें. ज्या मातोश्रींनीं कांदा शिवला नव्हता, त्यांनीं तो डबा आपल्या देवघरांतील कोनाड्यांत ठेवला आणि कार्तिकापर्यंत सांभाळला. त्या वर्षीं कांदेनवमीस आमच्या घरीं कांद्याचीं थालिपिठें झालीं तेव्हां सर्वांच्या बोलण्यांत तो डबाच होता.

आज त्या मळ्यावर निराळें वादळ आहे. २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी आणणारी बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारींत अटल सेतु खुला झाला. मुंबई जवळ आली आणि जमिनीस मागणी वाढली. शेजारच्या दोन खांचरांवर बंगले उठले आहेत. दलाल विद्यार्थ्याकडे खेपा घालतो. तो सांगतो ती रक्कम मेथीच्या जुड्यांनीं सात जन्मांतही मिळणार नाहीं. त्यानें जमीन विकली तर त्यास दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. ज्यानें पांच रुपयांसाठीं घासाघीस केली, त्यानें दुसऱ्यास त्यागाचा उपदेश करूं नये.

परंतु आपल्या हातीं जें आहे तें आपण करावें, एवढेंच सुज्ञ गृहिणींस व घरच्या कर्त्या पुरुषांस माझें सांगणें. जवळपास मळा असेल तर आठवड्यांतील दोन वार ठरवून तेथूनच भाजी घ्यावी आणि काय लागेल तें आदल्या दिवशीं कळवावें. मळ्यांत जें निघालें असेल त्यावर स्वयंपाक बेतावा. मार्गशीर्षांत पडवळाचा आणि श्रावणांत मटाराचा हट्ट धरूं नये. वांकडी काकडी आणि किडीनें एखादें भोंक पाडलेलें पान हें नासकें नव्हे. आणि जुडीच्या भावांत घासाघीस करूं नये. त्या भावांत संध्याकाळच्या म्हशीचाही हिशेब असतो.

आमच्या वहींतील चौदा घरांपैकीं टाळेबंदी उठल्यावर पांच गळालीं. नऊ अजून टिकून आहेत. गेल्या आश्विनांत मीं विद्यार्थ्यास भीत भीत विचारलें, "यंदा रोप टाकणार ना रे?" तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वहींत किती नांवें आहेत?" मीं नऊ म्हणून सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग टाकतों. पण पुढच्या वर्षींही विचारा."

मातोश्री आतां नाहींत. देवघरांतील तो कोनाडा मात्र आम्हीं रिकामा ठेवला आहे. पावसाळा आला कीं बियाचा डबा आजही तेथेंच येतो. मीं वहीचें नवें पान काढून ठेवलें आहे आणि रोज सायंकाळीं आळींत फिरून दहावें नांव मिळतें का तें पाहत आहें.