भंगारातले पानदान

मीरा रोडच्या नयानगर भागात भेंडीबाजार, मदनपुरा सोडून आलेली अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या सामानाबरोबर आजीचे पानदानही आले. लहानशा फ्लॅटमध्ये ते माळ्यावर पडून राहते आणि एके दिवशी भंगारात जाते. परवा आम्ही असेच एक पितळी पानदान तराजूत पाहिले. झाकणावर वेलबुट्टी, आत चुना-काताच्या वाट्या, आणि भाव किलोवर!

इंग्लंडमध्ये हाताने ठोकलेले असे जुने डबे संग्राहक शोधत फिरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम मॉरिस व त्यांच्या मंडळींनी यंत्राच्या साचेबंद मालाविरुद्ध हातकामाचा पुरस्कार केला. त्यालाच आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ म्हणतात. कॉर्नवॉलमधील न्यूलिन या कोळ्यांच्या गावी १८९० मध्ये जॉन मॅकेंझी यांनी, मासेमारी मंदावली की हाताला काम असावे म्हणून, कोळ्यांना तांब्याचे ठोककाम शिकवले. मासे, गलबते उठवलेले ते डबे आज नावाजलेले आहेत. आपल्या उत्तनच्या कोळी बांधवांनाही हे वाचून गंमत वाटेल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही १८९१ मध्ये 'रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाल्या आणि तेथे कारागिरी शिकवली जाऊ लागली.

घरात बिदरी डबी निघाली तर अधिकच सांभाळा. जस्त व थोडे तांबे यांच्या ओतकामावर चांदी बसवतात. मग नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांच्या मिश्रणाने जस्त काळे पडते, चांदी मात्र चमकत राहते. अशा डबीला चिंच-राखेने घासले की काळा रंग जातो, किंमतही जाते. आमच्या एका परिचितांनी पाहुणे येणार म्हणून ही चूक केली आणि गिऱ्हाईक गमावले. मऊ कोरडे फडके पुरेसे आहे.

उपयोग म्हणाल तर बरेच. तांब्या-पितळेच्या डब्याला आतून शुद्ध कथलाची नवी कलई करून घेतली तर सुपारी, वेलची ठेवता येते. आंबट पदार्थ मात्र नको. बिदरीत खाण्याचे काहीच ठेवू नये. शिवणाचे सामान, दागिने, पावत्या यांसाठी ती छान. अत्तरवाल्यांनी काउंटरवर जुने पानदान उघडून वाट्यांत कुप्या मांडाव्यात, गिऱ्हाईक थांबतेच. रोजच्या डाळ-तांदळाला भाईंदरचा स्टीलचा डबा आहेच, त्याच्याशी आमचे भांडण नाही.

धंदा करू इच्छिणाऱ्या बांधवांनी एवढे लक्षात ठेवावे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'प्राचीन वस्तू' ठरते. तिच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. आखातातल्या नातेवाइकाकडे जुनाट दिसणारी डबी पाठवायची असेल, तर ती प्राचीन नसल्याचा दाखला आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा.